हुंगलेला मोगरा

क्षमा करणं मला जमत नाही. लहानपणापासून जमलं नाही, आता पन्नाशी उलटल्यावर कशाला शिकायचं? माझं कुणी काही बिघडवलं, की मी ते लोणच्यासारखं मुरत ठेवते.

उन्हाळा मात्र मला मनापासून आवडतो. पहाटे नळाला पाणी आलं की मी पाइप घेऊन घरापुढच्या बागेत. बाग म्हणजे काय, चार ढांगांची जागा. मोरीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, दोडक्याचा वेल, कढीपत्ता आणि कंपाउंडच्या भिंतीला धरून मोगरा. मोगऱ्याच्या बुडाशी ओल्या मातीत आमचा कुत्रा खड्डा करून पोट टेकून बसायचा. तांबूस, गावठी, एक कान पडलेला, वयानं बारा वर्षांचा. मी ओरडायची, तो खड्डा आणखी खोल करायचा.

पाणी घालून झालं की आम्ही दोघं रंकाळ्यावर. वाट वीस मिनिटांची, पण त्याच्याबरोबर तास लागायचा. प्रत्येक खांब, उभ्या गाडीचं प्रत्येक चाक, भेळेच्या गाड्याखालची जागा, सगळं हुंगल्याशिवाय पाय पुढं टाकायचा नाही. "चल की रे, पेपर नंतर वाच," असं म्हणून मी साखळी ओढायची. आता वाटतं, कशाला ओढायची?

कोपऱ्यावरच्या घरात एक काका राहतात. देवभक्त माणूस. रोज पहाटे आकडीची काठी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन निघायचे आणि गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवरून फुलं काढायचे. देवासाठी नेलेल्या फुलांना आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही, म्हणून सगळे गप्प. हे मात्र भिंतीबाहेर आलेल्या फांद्यांवर समाधान मानणारे नव्हते. हात आत घालून कळ्यासुद्धा ओरबाडायचे. मी संकोचानं बोलत नव्हते. कुत्र्याला संकोच नव्हता, तो रोज भुंकायचा.

एका उन्हाळ्यातली गोष्ट. घरोघरी वर्षाची चटणी करायचे दिवस होते. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून डंकावर कुटलेलं लाल तिखट. त्या दिवसांत सगळी गल्ली शिंकत असते. त्या पहाटे कुत्र्यानं नेहमीसारखे पुढचे पाय भिंतीवर ठेवले आणि भुंकला. काकांनी खिशातून पुडी काढली, उलगडली आणि मूठभर चटणी त्याच्या तोंडावर फेकली. मी पाइप धरून तिथंच उभी होते. पुडी घरूनच बांधून आणली होती, हे मी आजही विसरलेले नाही.

कुत्रा मातीत लोळत होता, नाक घासत होता, मी त्याच्या तोंडावर पाणी सोडत होते, आणि काका पलीकडून म्हणत होते, "कुत्रं आवरा की वैनी! देवाच्या कामाला निगाल्याल्या मानसाच्या अंगावर येतंय म्हंजे काय?" मग उरलेली फुलं काढून ते गेले.

डोळे वाचले. नाकाचं मात्र डॉक्टरांनी खांदे उडवून सांगितलं, "वय झालंय. वास परत येईलही, कदाचित नाहीही." मी हे काकांच्या फाटकासमोर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं. ते बाहेर आले नाहीत.

त्यानंतर पहिल्यांदा रंकाळ्यावर गेलो ते वीस मिनिटांत पोचलो. एकाही खांबापाशी तो थांबला नाही, बैलासारखा मान खाली घालून सरळ चालत राहिला. चपातीचा तुकडा पायाशी वाळल्या पाल्यात टाकला तर पडल्याचा आवाज झाला तिकडे बघितलं, पण तुकडा सापडेना. मी कट्ट्यावर बसून रडले आणि तिथंच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

काका आठवडाभरात पुन्हा फुलं न्यायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते, पण फुलं नेत होते. मोगरा तोडून टाकावा असं मनात आलं, पण माझा मोगरा मी का तोडू? मग एका सकाळी घरच्या देवांसाठी फुलं काढताना सवयीनं एक फूल नाकाला लावलं आणि सवयीनंच परडीबाहेर ठेवलं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. आईनं हातावर चापट मारून शिकवलेलं. तिथंच माझा हात थांबला आणि मला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून काकांच्या आधी मी उठायला लागले. कुत्र्याला कडेवर घ्यायचं आणि भिंतीवरच्या एकेका फुलाला त्याचं नाक लावायचं. एकही फूल सोडायचं नाही. लावताना नाकपुडी हलते का, तेही मी बघायची. मग काका आले की गोड आवाजात, "घ्या की काका, देवालाच जात्यात." महिनाभर हा नेम चालला. देवाची क्षमा मी रोज मागत होते, काकांची नाही.

महिन्याच्या शेवटी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. निरोप आला, फुलं जरा जास्त लागतील. मी परडीभर पाठवली, अर्थात नाक लावून. संध्याकाळी इस्त्रीची साडी नेसून तीर्थप्रसादाला गेले. चौरंगावर माझाच मोगरा होता. काका स्वतः तीर्थ देत होते. माझी पाळी आली तशी मी वाकून हळूच म्हटलं, "काका, म्हैनाभर तुमी न्हेल्यालं एकेक फूल आमच्या कुत्र्यानं हुंगल्यालं हाय. आजचं बी."

हातातली पळी थांबली. तोंड काळंठिक्कर पडायची मी वाट बघत होते. ते तर उजळलं.

"व्हय?" काकांचे डोळे भरले. "म्हंजे वास येतुया त्येला? वैनी, तवापास्नं मी देवाला रोज त्येवडंच मागतुया."

हो म्हटलं असतं तर त्यांची महिनाभराची पूजा बाटली असती, पण माणूस सुटला असता. नाही म्हटलं तर फुलं शुद्ध होती, पण ते जन्माचे अडकले असते. मी फार वेळ घेतला नाही.

"न्हाय," मी म्हटलं. "नाक लावतंय नुसतं. वास येत न्हाय त्येला, आनि आता येनार बी न्हाय. तुमची पूजा शुद्ध हाय, काका."

त्यांची मान खाली गेली ती मी तिथून निघेपर्यंत वर आली नाही. मला हवं होतं ते मिळालं. पण "आता येणार नाही" हे मी तोवर घरातही कुणापुढं बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही.