दादाच्या गावातली थंडी

मला जानेवारीतच जायचं होतं. धाकट्या बहिणीला ते पटेना.

"ताई, जूनमध्ये ये ना. तेव्हा फिरता तरी येतं. जानेवारीत येऊन बघणार काय आहेस?" ती फोनवर म्हणाली.

"थंडी," मी म्हणाले.

माझा मोठा भाऊ चौतीस वर्षांपूर्वी कॅनडात गेला आणि तिथल्या मधल्या सपाट भागातल्या एका लहान शहरात राहिला. आठ वर्षांपूर्वी धाकटीही नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडेच गेली, दादापासून गाडीने पाऊण तासावर. मी लग्न केलं नाही. डोंबिवलीत आईबाबांजवळ राहिले आणि एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. रंग तयार करताना एक टप्पा असा येतो की मिश्रण पाच अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. त्यासाठी बर्फाची लादी फोडायची, त्यात मीठ घालायचं, त्यात भांडं ठेवायचं आणि थर्मामीटरवरून नजर हलवायची नाही. डोंबिवलीच्या मे महिन्यात एवढासा गारवा टिकवताना घाम फुटायचा. जिथे अख्खं गावच शून्याच्या खाली असतं तिथे माणसं राहतात कशी, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. निवृत्त झाले, आईही गेली, आणि मी एकसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला.

गरम कपडे घ्यायला विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारात गेले. एक जाडसं जॅकेट पसंत केलं. दुकानदाराने पिशवीत भरता भरता विचारलं, "आंटी, किधर जा रहे हो?"

"कॅनडा. माइनस तीस रहता है."

त्याने जॅकेट पिशवीतून परत बाहेर काढलं. "तो ये मत लो. ये महाबलेश्वर का माल है."

असा प्रामाणिक माणूस रिकाम्या हाती सोडवेना, म्हणून त्याच्याकडून मोजे घेतले.

विमानात मी पहिल्यांदाच बसत होते. समोरच्या छोट्या पडद्यावर बाहेरचं तापमान दिसायचं. जेवण आलं तेव्हा उणे चोपन्न होतं. माझ्यापासून वीतभर अंतरावर उणे चोपन्न, आणि इकडे मी गरम भात खातेय! खिडकीच्या काचेच्या खालच्या कडेला बर्फाची बारीक नक्षी धरली होती. ती बघण्यात दोन सिनेमे हुकले. शेजारचा प्रवासी मान वाकडी करून झोपला होता. त्याला उठवून ती दाखवावी असं फार वाटलं, पण झोपू दिलं.

दादा विमानतळावर माझ्यासाठी जाडजूड कोट घेऊन उभा होता. बाहेर पडल्यावर पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले. मी थांबून पुन्हा एक श्वास घेतला. पुन्हा तेच.

"अगं चल, गाडीत बस," दादा म्हणाला.

"थांब रे. जरा बघू दे."

पहिले आठ-दहा दिवस मी नुसती बघतच होते. बुटाखाली बर्फ करकरायचा. कॉर्नफ्लॉवर चिमटीत दाबलं की होतो ना, अगदी तसाच आवाज. वहिनीचा ओला टॉवेल मी मुद्दाम मागच्या अंगणात वाळत घातला. तासाभरात त्याची फळी झाली. भिंतीला टेकवून उभा केला तर उभा राहिला. दोन दिवस तसाच ठेवला, आणि तो वितळला नाही, ठिबकला नाही, तरी वाळला. डांबराची गोळी कपाटात विरून जाते तसा बर्फ हवेत विरून गेला होता. वहिनीने टॉवेल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "मी इतकी वर्षं इथे आहे, पण हे करून बघावंसं कधी वाटलं नाही," ती म्हणाली. रस्त्यावर मीठ न टाकता वाळू का टाकतात, असं मी दादाला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. इतक्या थंडीत मिठानेही बर्फ वितळत नाही, हे मग मीच त्याला सांगितलं.

संक्रांतीला धाकटीने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. वहिनीला सर्दी झाली होती, म्हणून मी आणि दादा दोघेच निघालो. अकरा वाजले होते. ऊन इतकं लख्ख की दादाने काळा चष्मा लावला होता. वीसेक मिनिटांनी उजवीकडची शेतं दिसेनाशी झाली. मग समोरची गाडी. मग आमच्याच गाडीचं बॉनेट. वरून बर्फ पडत नव्हताच. जमिनीवरचा बर्फ वारा आडवा उडवत होता. दादाने वेग अगदी कमी केला आणि रस्त्याच्या कडेच्या खांबांच्या अंदाजाने गाडी एका पेट्रोल पंपात घेतली. तिथल्या छोट्या दुकानात आणखी चारपाच माणसं अडकलेली होती. आम्ही कॉफी घेऊन खिडकीपाशी बसलो. काचेपलीकडे काहीच नव्हतं. पंपसुद्धा दिसत नव्हता.

"किती वेळ चालेल हे?" मी विचारलं.

"दोन तास. कधी दोन दिवस." तो कपाकडे बघत राहिला. "बाबांच्या वेळी दोन दिवस चाललं."

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी बोलणं काढलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी दादाचा फोन आला होता, विमानं बंद आहेत म्हणून. मी तेव्हा आमच्या गॅलरीत उभी होते. आभाळ निरभ्र, खाली भाजीवाल्याची गाडी, ऊन चटकत होतं. विमानं बंद? मला ते खरं वाटलं नाही. अग्नी मी दिला. संध्याकाळी त्याने पुन्हा फोन करून विचारलं, "झालं का सगळं?" मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तो चौथ्या दिवशी आला. मी त्याला चहा दिला, जेवायला वाढलं, आणि त्याचं ते न येणं मनातल्या मनात अकरा वर्षं धरून ठेवलं.

"मला तेव्हा खोटं वाटलं होतं," मी म्हणाले.

"कळलं होतं मला. तुझ्या आवाजावरून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तिथे बसून तुला हे कसं दाखवणार होतो?" त्याने खिडकीकडे हात केला. "मी विमानतळावरच होतो. तू 'हो' म्हणालीस, म्हणजे सगळं उरकलं होतं. म्हटलं, आता आंघोळ तरी करायला हवी. तिथे आंघोळ कुठली? दाराबाहेर गेलो, टोपी काढली आणि बर्फ उचलून डोक्यावर चोळला. दोनतीनदा."

माझ्या तोंडातून आलं ते भलतंच. "तापमान किती होतं?"

दादा हसला. मोठ्याने हसला, इतका की गल्ल्यावरच्या बाईने वळून पाहिलं. "उणे सव्वीस."

"वेडा आहेस का तू! कान गेले असते."

"एक जाताजाता राहिला." त्याने डोकं माझ्याकडे वळवलं. डाव्या कानाच्या वरच्या कडेला तांदळाएवढा पांढरा डाग होता. मी बोट लावून पाहिलं. तेवढी जागा जरा कडक होती. बोट काढवेना. तोही हलला नाही.

पावणेतीनला पंप दिसायला लागला, मग रस्ता. बर्फ ढकलणारा ट्रक पुढे गेला आणि त्याच्या मागोमाग आम्ही धाकटीच्या घरी पोचलो. तिने दार उघडलं तेच ओरडत. "चार वेळा फोन केला! काय करत होतात इतका वेळ?"

मी तिला सांगितलं. बाबा गेले तेव्हा ती डोंबिवलीतच होती, माझ्याशेजारी, आणि माझ्यासारखंच तिनेही ते मनात धरलं होतं. ती दाराशीच ऐकत उभी राहिली. मग दादाचा कान धरून उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघितला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस रे?"

"तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

"विचारायला हवं होतं आम्ही," ती म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली. गुळाच्या पोळ्या गार झाल्या होत्या. आम्ही त्या तशाच खाल्ल्या, तूप घालून.

रस्ते धड नव्हते म्हणून रात्री तिथेच राहिलो. सकाळी पाहिलं तर अंगणात वाऱ्याने गुडघाभर बर्फ आणून ठेवला होता आणि दादाची गाडी चाकांपर्यंत बुडाली होती. धाकटीने तीन फावडी काढली, सर्वांत हलकं माझ्या हातात दिलं. बर्फ दिसतो तितका हलका नसतो, हे दोन खेपांत कळलं. दादा गाडीच्या बाजूने खणत होता, धाकटी फाटकाकडून, आणि माझ्या वाट्याला पायऱ्या आल्या.

"ताई, दमलीस तर सांग गं," धाकटी ओरडली.

मी दमले होते, पण सांगितलं नाही. तिसरी पायरी नुकती दिसायला लागली होती.