बठ्ठासना पगार

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो एरंडोलला चढला आणि माझ्या शेजारी बसला. पन्नाशीचा असेल, अंगात पाइपच्या कारखान्याचा निळा शर्ट. माझा पेपर मागून घेतला, त्याची गुंडाळी केली आणि एक डोळा मिटून आरपार पाहिलं. मी बघतोय म्हटल्यावर हसला. पाइप सरळ निघाला की वाकडा, हे असं बघण्यातच त्याची बावीस वर्षं गेली होती.

मग पेपर उलगडून एका बातमीवर बोट ठेवलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "देखा भाऊ, आमनी कंपनीनी बातमी! आमना बठ्ठासना वरीसना पगार छापेल शे!"

पोरगी बोर्डात आल्यासारखा चेहरा.

आकडा कोटींत होता. बातमी वाचून मी हादरलोच. गप्प बसता आलं असतं, पण चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी मास्तरकीची खोड. म्हणालो, "नाना, हा सगळ्यांचा नाही. तुमच्या मोठ्या साहेबांचा एकट्याचा आहे."

"एकज माणूसना?"

मी होकारार्थी मान हलवली. वाटलं, आता शिव्या घालेल. त्यानं पान उलटून पाहिलं, मग पहिल्यापासून एकेक रकाना बोटानं शोधला आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"मंग आमना कोठे छापेल शे?"

जळगावला उतरताना त्यानं पेपर नीट घडी घालून माझ्यासमोर धरला. माझा हात पुढे होईना.