गळ्यावरचं लिंबू

आमच्या पेठेतल्या तालमीत संध्याकाळी मर्दानी खेळांचा सराव चालतो. काल तिथं म्हातारे वस्ताद स्वतः मातीत उताणे झोपले आणि त्यांनी आपल्या गळ्यावर लिंबू ठेवलं. तलवारीनं ते कापायचं, पण खाली कातडीला ओरखडाही उठता कामा नये.

पहिला गडी छाती फुगवून पुढं आला. वस्तादांनी पडल्या पडल्या विचारलं, "भ्या वाटतंय काय रं?"

"छ्या! भ्या कशाचं?"

"मग बस जा खाली."

नंतर माझी भाची गेली. तिलाही तेच विचारलं.

"लई वाटतंय, वस्ताद."

"मग उचल तलवार."

पातं खाली येताना मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लिंबाच्या फोडी दोन्हीकडं पडल्या होत्या आणि वस्ताद हसत होते. पण उठायच्या आधी त्यांनी हळूच गळा चाचपला. बोटं ओली झाली. ती त्यांनी डोळ्यांसमोर धरून पाहिली. नुसता रस होता.

ही विद्या आली की मरणाचं भय जात असेल, असं मला वाटायचं. पण ते गेलं तर हात थांबणार कशाच्या जोरावर? आणि राहिलं, तर ते तालमीच्या उंबऱ्याशी चपलांसारखं काढून ठेवता येत नाही. घरी सोबत येतं.

आज सकाळी मी पोह्यांवर पिळायला लिंबू कापलं. भाचीनं ताटली बाजूला ओढली.

"आत्या, मला नको लिंबू," ती म्हणाली. तिचा हात गळ्यावर होता.