पुन्हा घातलेलं नाव

मनीषा गेल्याचं ह्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिच्यासाठी पेजेचा डबा मांडीवर घेऊन महाडच्या एसटीत बसले होते. दवाखान्यात पोचले, तरी डबा गरमच होता... ती माझी नणंद. सासूबाई लवकर वारल्या, म्हणून तिची वेणी घालण्यापासून सगळं मी केलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. ती मुंबईच्या प्रयोगशाळेत कामाला लागली, तेव्हा अख्ख्या कापडे गावाला सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही कुणाला.

मागल्या शिमग्याला ती नोकरी सोडून आली. हे तिच्याशी बोलेनात. मी गोठ्यात धार काढत होते, तिथे येऊन बसली. तांबूचं वासरू मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवलं, की तांबू ते चाटत राहायची आणि पान्हा सोडायची.

"वहिनी, मी तिथं हेच करत व्हते."

"वासरं भरत व्हतीस?"

"तसंच गो," ती हसली. मग तिने समजावलं. शरीरातलं एखादं प्रथिन शोधायला अँटिबॉडी वापरतात. ती त्याला चिकटली, की पट्टीवर काळी रेघ उमटते. पण ती त्यालाच चिकटली कशावरून? म्हणून त्या प्रथिनाचा बारीकसा तुकडा मुद्दाम बनवून आधी तिच्यात मिसळायचा. त्याला पेप्टाइड म्हणतात.

"तांबू ह्या पेंढ्यात गुंतली, तर दुसऱ्या वासराकडं जाईल?"

"नाय."

"तशी अँटिबॉडी तुकड्यात गुंतली, की रेघ जायला पायजे. गेली तरी पक्की खात्री नसते. पण आमची गेलीच नाय. म्हणजे भलतंच काय तरी चिकटत व्हतं."

तिच्या प्रयोगशाळेच्या मुख्य सरांचं सगळं काम त्या रेघेवर उभं होतं. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, रेघ तशीच. सर म्हणाले, ही पट्टी बाजूला ठेव. ती म्हणाली, मग छापायच्या लेखातनं माझं नाव काढा. नाव काढलं, आणि तिला नोकरीही सोडावी लागली. दुसरीकडे अर्ज केला, की विचारणा सरांकडेच जायची. शेवटी पोलादपूरला शिकवण्या घेत राहिली. जेवताना हे टोमणे मारत, "एका रेघेपायी घरी बसलीस." ती शांतपणे म्हणे, "दादा, नाव माझं हाय. खोट्याखाली नाय घालायचं." मग तिला ताप आला, आणि डोक्यात गेला...

तेराव्याला सर गाडी घेऊन आले. छापलेल्या लेखाचं पहिलं पान फ्रेम करून आणलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही तिला विसरलो नाही. तिचं नाव पुन्हा घातलं." हे रडले. गावकऱ्यांनी माना डोलावल्या.

मी दाराआडून विचारलं, "ती रेघ राहिलेली पट्टी घातलीत का त्यात?"

सर म्हणाले, "नाही घेता आली, वहिनी. जागा नव्हती."

नावाला बरी जागा झाली, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ह्यांनी डोळे वटारले. "आत जा. चहाचं बघ."

फ्रेम ओटीवर लावलीय, तिच्या फोटोशेजारी. आल्यागेल्याला हे कौतुकाने दाखवतात. जिवंतपणी तिने भाकरी सोडून जे नाकारलं, ते मेल्यावर तिच्या गळ्यात घातलं, आणि नको म्हणायला आता ती नाही. रोज सकाळी मी फोटो पुसते, फूल वाहते. फ्रेमला हात लावत नाही. तिचं नाव तेवढं झाकून टाकलं असतं, पण इंग्रजी अक्षरांत ते कुठलं, मला कळत नाही. म्हणून अख्ख्या काचेवर धूळ बसू देते.