हळदीत मोडलेलं हाड आणि तीन गावं

शेजारच्या हळदीत नाचताना मी पडले. कोणी ढकललं नाही, मीच जास्त उडी मारली. उजव्या खांद्याजवळचं गळ्याखालचं आडवं हाड मोडलं. दुखत होतंच, पण तीन आठवड्यांवर आमच्या पालेगावातच दुसरं लग्न होतं आणि त्यात धवलारीण (लग्नाची गाणी म्हणणारी, पिठाने चौक काढणारी बाई) मी होते. माझा हात गेला की ते मानाचं काम माझ्या मागे गाणाऱ्या गंगीकडे जाणार. म्हणून सकाळीच मुलाला, भास्करला, घेऊन रिक्षाने निघाले.

अंबरनाथला फोटो काढला. हाड काकडीसारखं मोडलेलं दिसलं. डॉक्टर नातवाच्या वयाचा.

"आजी, प्लेट टाकू. परवा ऑपरेशन."

"लग्नात चौक काढता येईल?"

"कोणाचं लग्न?"

"माझं नाही!"

भास्कर सही करायला निघाला. मी त्याची कॉलर धरली, डाव्या हाताने. तडक बदलापूर गाठलं.

तिथल्या बेलवलीत हाडवैद्य (हाडं बसवणारा) आहे. त्याने शेजारून गावठी अंडं आणवलं, पट्टीवर फोडलं आणि खांदा असा आवळला की मी त्याच्या आईचा उद्धार केला. बाहेर डाव्या हाताने मिसळ खाल्ली, निम्मी मांडीवर सांडली. अंड्याच्या वासाने दोन कुत्री मागे लागली. हसून हसून खांदा ठणकला. मग बोटं बधिर झाली आणि भास्करचा चेहरा पडला. "आये, आता माझं ऐक."

उल्हासनगर, कॅम्प पाच. म्हातारा सिंधी डॉक्टर. त्याने कात्रीने पट्टी कापली.

"माई, ये आमलेट किसने बांधा?"

बोटांत मुंग्या येऊन जीव परतला. त्याने फोटो उजेडात धरला. म्हणाला, हाडाची टोकं जवळ आहेत, कातडी ताणलेली नाही, म्हणजे प्लेट नको. हात सहा आठवडे झोळीत, बोटं आणि कोपर रोज हलवायचं, फोटो पुन्हा काढायचा.

"चौक?"

"बिलकुल नहीं."

"गाणं?"

"गाओ. नाचना मत."

खाली दाल-पकवान (डाळ आणि कडक पुरी) चापलं. भास्करने भरवलं, तरी माझ्याकडून सांडलं. लहानपणी मी त्याला भरवायचे तेव्हा तोही असाच सांडायचा.

घरी आले तर गंगी ओट्यावर. बातमी रिक्षाच्या आधी पोचलेली. बाईने पिठाचा डबाही आणला होता.

"कसा काढू, दाखव," ती म्हणाली.

"तू काढ. गाणं मी म्हणणार."

तिने तिथेच काढून दाखवला. एक कोपरा वाकडा आला. मी पायाच्या अंगठ्याने तो सरळ केला. पायाला डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं.