पास्कलमास्तर आणि आमची घरातली शाळा

"तू मुलांचं वाटोळं करते आहेस."

माझे सासरे दुबईत आले आणि दुसऱ्याच दिवशी मला हे म्हणाले.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

पास्कलमास्तर. वसईतल्या मराठी शाळेत अख्खी नोकरी काढलेला माणूस. मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर एकटे पडले, म्हणून सावियोने, माझ्या नवऱ्याने, त्यांना इथे दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागात आणलं.

आणि येऊन बघतात तर नातवंडं शाळेतच जात नाहीत.

डायनिंग टेबलवर बायबल, लॅटिनचं व्याकरण, जुना इतिहास. आणि शिकवायला बँकेतली नोकरी सोडून बसलेली सून.

मी समजावलं. पप्पा, याला क्लासिकल ख्रिस्ती शिक्षण म्हणतात. लहानपणी भरपूर पाठांतर, मग तर्क, मग स्वतःचं म्हणणं नीट मांडायला शिकायचं. आणि सगळ्याच्या मुळाशी देव.

पाठांतर आम्हीपण करून घ्यायचो, ते म्हणाले. पण भांडायला बाकावर शेजारी कोण आहे यांना?



माझं कारण वेगळं होतं. या देशात कुणीच कायमचं नाही. नोकरी संपली, व्हिसा संपला, खलास. मुलांचे बेस्ट फ्रेंड दर वर्षी कुठेतरी निघून जायचे. मला त्यांना असं काहीतरी द्यायचं होतं जे कुठेही सोबत नेता येईल.

तेव्हा हे सगळं फार स्पष्ट वाटायचं.

पहिले काही आठवडे पप्पा आमच्या तासाकडे पाठ फिरवून सोफ्यावर बातम्या बघत बसायचे. मोबाइलवर. आवाज मोठा ठेवून.

मग एक दिवस अ‍ॅना, माझी मोठी, लॅटिन मोठ्याने म्हणत होती. सोफ्यावरून आवाज आला, "असं नाही म्हणायचं."

आणि पप्पांनी लहानपणी चर्चमध्ये फादरांच्या हाताखाली वेदीसेवक असताना पाठ केलेली, मिस्साच्या प्रार्थनेतली सगळी लॅटिन उत्तरं एका दमात म्हणून दाखवली.

अ‍ॅना बघतच राहिली. म्हणाली, "वाव, आजोबा. व्हॉट डझ इट मीन?"

"मला काय माहीत, बाळा. फादर समोर उभे असायचे. अर्थ विचारायची हिंमत कुणाची?"

त्या दिवसापासून ते टेबलावर येऊन बसायला लागले. पप्पा म्हणायचे, अ‍ॅना एकेक शब्द सोडवून अर्थ सांगायची. तिचं इंग्लिश, त्यांचं मराठी. कसं जमायचं देव जाणे, पण जमायचं. धाकटा जोएल मध्येच विभक्ती ओरडायचा.

एकदा दफनविधीतली प्रार्थना आली. 'रेक्विएम' शब्दावर अ‍ॅना थांबली.

"धिस इज द ऑब्जेक्ट, आजोबा. इट मीन्स रेस्ट. यू आर आस्किंग गॉड टू गिव्ह रेस्ट."

पप्पा उठून बाल्कनीत गेले.

मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "माझ्या आईच्या मातीला मीच वेदीसेवक होतो. लहान होतो. मला वाटायचं, रडू नका असं काहीतरी म्हणतोय आपण."

चहा तसाच हातात धरून उभे होते.

मी तोवर खूप दमले होते.

हे मी कुणाला सांगत नव्हते. होमस्कूल करणारी आई दमली की लोक लगेच 'टोल्ड यू' म्हणतात. सकाळपासून शिकवा, स्वयंपाक करा, उद्याचं वाचा. सावियो हमरियातल्या कामावरून ट्रॅफिकमधून यायचा तो जेवून झोपायचाच.

एका दुपारी जोएल गणित विचारत होता आणि मी बसल्या बसल्या झोपले. उठले तर पप्पा त्याला हळू आवाजात तेच गणित समजावत होते.

संध्याकाळी मुलं खाली खेळायला गेल्यावर ते म्हणाले, "दमली असशील तर घाल शाळेत. तू चांगलं शिकवतेस, हे मी मास्तर म्हणून सांगतोय. पण दमलेल्या मास्तराकडून मुलं फक्त दमणं शिकतात."

मला राग आला. एवढे महिने यांना पटवण्यात गेले, आणि पटल्यावर हे सांगतात थांब म्हणून. मी म्हटलं, बघू पप्पा. ते म्हणाले, बरं.

पुढच्याच आठवड्यात नाश्ता करताना त्यांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली. शेजारच्या, मूळ रत्नागिरीच्या रुखसानाभाभी मुलांना आपल्या घरी घेऊन गेल्या. सावियो हॉस्पिटलला पोहोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

पप्पांना वसईला नेलं. मम्मीशेजारी जागा मिळाली.

परत आल्यावर मी पुन्हा टेबल मांडलं. बरेच महिने रेटलं. मग एका सकाळी पुस्तकं उघडायला हातच उचलेना.

मुलांना सांगितलं की एप्रिलपासून शाळा.

अ‍ॅनाने विचारलं, "इज इट बिकॉज ऑफ आजोबा?"

"नाही. मी दमले म्हणून."

ती म्हणाली, "ओके, मम्मा. यू कुड हॅव सेड."

आता घर दिवसभर रिकामं असतं. जोएलचं शेजारच्या बाकावरच्या मुलाशी पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. तक्रार आली तेव्हा मला हसूच आलं. शनिवारी अ‍ॅना त्याला लॅटिन शिकवते, दार लावून. मी विचारत नाही.

थकवा अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, जाईल. इन्शाल्ला.

आज संध्याकाळी पप्पांच्या नावाने मिस्सा आहे. इथे असाल तर या.

पप्पा, तुमचं ऐकायला मला उशीर झाला. पण ऐकलं.

भरल्या मनाने तुम्हाला निरोप.