मामाची पाठ थकंना!

हमालांच्या पाठीला मशीन लावत फिरलेल्या माणसाजवळ किस्से न्हाईत, असं होऊच शकत नाही. मी वर्षभर उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हेच करत होतो. पोती उचलून स्नायू किती थकतात ते आमचे कॉलेजचे सर मोजायचे, म्हणजे कुणाची कंबर कधी जाणार ते आधीच कळावं. माझ्याकडं एकच काम, उघड्या पाठींवर मशीनच्या पट्ट्या चिकटवायचं!

* * *

पहिल्याच दिवशी पाठ पुसायला तांब्याभर पाणी मागितलं. साल दुष्काळाचं. हमालांच्या टोळीतले सलीमभाई उसळलेच, "इथं प्यायला न्हाई, अन् तुम्ही पाठी धुवून राहिले?"

दुसऱ्या दिवशी मी घरून बाटली नेली. ती सगळ्यांनी पिऊन टाकली, अन् पाठी माझ्याच रुमालानं पुसल्या!

* * *

पाठीवर केस असले की पट्टी धरत नाही, म्हणून न्हावी बोलावला. पाठी झाल्यावर सगळ्यांनी दाढ्याही उरकून घेतल्या. सरांचा फोन, "डेटा किती झाला?"

"डेटा काहीच न्हाई सर, पण टोळी नवरदेवावानी दिसून राहिली!"

* * *

तेव्हा उदगीर जिल्हा होणार म्हणून गावभर चर्चा. सरांनी भाषण ठोकलं, "या अभ्यासानं तुमचं ओझं हलकं होईल."

टोळीतला विठ्ठल उठला. "जिल्हा झाला की ओझं हलकं होईल, असं पुढारी सांगून गेला. आता तुम्ही. पोत्याला कुणी सांगितलंय का?"

* * *

टोळीतले सगळ्यात जुने नागोराव मामा काही पट्टी लावू देईनात. आज उपवास हाय, उद्या पावणे हायत! शेवटी सलीमभाई हळूच म्हणाले, "त्यांना भेव हाय. मशीननं थकलेला म्हटलं की टोळीतून नाव कटंल. घरात दुसरं कमावणारं कुणी न्हाई."

सरांनी शपथ घेऊन सांगितलं, तसं काही होणार नाही. मामाला पटेना. मला लई वाईट वाटायचं.

मग एका सकाळी मामानं स्वतःच सदरा काढला. "लावा! होऊ द्या एकदाचं!"

मामा, सलीमभाई, विठ्ठल, तिघांना पट्ट्या लावल्या. दिवसभर ट्रक भरला. मी ट्रकपाशीच उभा होतो. हे दोघं आपलं पोतं टाकायचे, उलटे पळत यायचे अन् मामाच्या पोत्याला मागून हात लावायचे. दर खेपेला!

संध्याकाळी सगळा मोंढा स्क्रीनभोवती. सलीमभाई अन् विठ्ठलची पाठ पार गळालेली. मामाची पाठ एकदम ताजी!

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या दोघांकडं बघितलं. दोघं जमिनीकडं बघत होते. सर खाकरले अन् म्हणाले, "मामा, तुमची पाठ एक नंबर!"

मामानं सदरा चढवला, मिशीवर हात फिरवला अन् दोघांकडं वळले.

"जवान म्हणवता व्हय रे? उद्यापासून तुमच्या पोत्याला मी हात लावत जातो!"